उलट्या आट्यांची रायफल

आजोबांच्या मागे घरात एक जुनी रायफल उरली आणि तिच्यावर नावाचं एक अक्षरही नव्हतं. परवाना कचेरीतल्या साहेबांनी आईला सरळच सांगितलं, की बनवणारा कोण ते कळलं तर परवाना तुमच्या नावावर होईल, नाहीतर रायफल भट्टीत जाईल. आजोबांच्या शेजारी पालथी पडून आई नेम धरायला शिकली ती याच रायफलीवर. ती रायफल आणि मनी, दोघींना घेऊन तडक बंदूकवाल्या काकांच्या दुकानात गेली. मनी म्हणजे तिची लेक. अंगापेक्षा बोंगा मोठा म्हणतात, तसे हिचे हिच्यापेक्षा प्रश्न मोठे.

काकांनी आधी रायफल रिकामी असल्याची खात्री केली आणि मनीलाही करायला लावली. मग वापरलेलं एक काडतूस तिच्या तळहातावर ठेवलं. बुडाच्या कडेला नखाएवढा खळगा होता. या बारक्या काडतुसात ठिणगीचा मसाला कडेतच भरलेला असतो, म्हणून रायफलीतली पिन कडेवर ठोका देते; रिम म्हणजे कड, म्हणून अशा रायफलीला रिमफायर म्हणायचं, असं त्यांनी समजावलं. मसाला तिखट असतो का, असं मनीने विचारलं. चाखून कुणी सांगायला परत आलेलं नाही, असं उत्तर मिळालं.

ठेवण पाहून काकांनी एका मोठ्या कारखान्याचं नाव घेतलं आणि आईच्या जिवात जीव आला. पण त्या कारखान्याची रायफल फडताळातून काढून शेजारी ठेवली, तर दोघी मावसबहिणींइतक्याच सारख्या.

"सख्ख्या नाहीत," काका पुटपुटले.

आता पोटात काय आहे ते पाहायला हवं होतं. त्यासाठी लाकडी दस्त्याचा स्क्रू काढायचा, तर तो हलेना. काकांनी तेल सोडलं, जोर लावला, कपाळाला घाम आला.

"काका, तो आवळला तर जात नाहीये ना?" मनी म्हणाली.

"स्क्रू कुठल्या बाजूला सुटतो हे आता तू मला शिकव," काका म्हणाले खरे, पण तिची गंमत म्हणून त्यांनी हात उलटा फिरवला. स्क्रू मुकाट्याने सुटून आला.

काका स्टुलावर टेकले. दुसरा स्क्रू, तिसरा स्क्रू, सगळ्यांचे आटे उलटे. त्यांनी मनीला हवेत स्क्रू पिळायला सांगितलं. उजव्या हाताला जोर मिळतो तो एका बाजूला, डाव्याला त्याच्या विरुद्ध. मग लोखंडावरच्या कानशीच्या रेघा दाखवल्या आणि शेजारी स्वतः घासलेला तुकडा ठेवला. त्यांच्या रेघा एकीकडे कललेल्या, या दुसरीकडे.

"डाव्या हाताचा माणूस होता!" मनी म्हणाली.

काकांच्या उस्तादांनी एका डावऱ्या कारागिराच्या गोष्टी सांगितल्या होत्या; सगळे त्याला 'डावरा' अशीच हाक मारायचे. आटे पाडायची हत्यारंही तो आपल्या हाताला सोयीची, स्वतःच घडवायचा म्हणे. हे ऐकून आईने कपाळावर हात मारला.

"बाबा हिला डावरी म्हणायचे. मला वाटलं, ही गोळी डावीकडे फेकते. म्हणून मी जन्मभर जरा उजवीकडे धरत आले."

"आणि गोळी कुठे लागायची?"

"उजवीकडे," आई म्हणाली आणि तिला हसू आवरेना.

काका स्वतः कचेरीत आले. साहेबांनी आटे पाहिले, रेघा पाहिल्या, पण डावरा हे काय नाव झालं, असं त्यांनी विचारलं.

"आईबापांनी काय ठेवलं होतं ते मला ठाऊक नाही, साहेब, आणि मनाचं मी सांगणार नाही," काका म्हणाले. "पण या नावाने हाक मारली की तो ओ द्यायचा."

साहेबांनी पेन उचलून 'डावरा' लिहिलं. नुसतं बरं दिसेना, तेव्हा पुढे 'मिस्त्री' जोडलं आणि शिक्का मारला.