एक खाट

‘‘मॅनेजर, वर अतिदक्षता विभागात एकच खाट रिकामी आहे,’’ सिस्टर म्हणाल्या, ‘‘आणि खाली दोघं आलेत. कोणाला पाठवू?’’

मॅनेजरने काउंटरपलीकडे पाहिलं. स्ट्रेचरवर एक तरुण बाई होती. घरीच बाळंत झालेली, रक्त थांबत नव्हतं, ओठ पांढरेफटक पडले होते. शेजारी चाकाच्या खुर्चीत छाती दाबून धरलेले त्याचे स्वतःचे बाबा. मागे आई.

व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी हातात पडल्यावर त्याचे सोबती बँकेत, जाहिरातीत, कुठे कुठे चिकटले. हा दवाखान्याच्या कारभारात शिरला. बाबांना ते कधीच रुचलं नाही. ‘‘डॉक्टर असतास तर गोष्ट वेगळी. तू तिथे करणार काय, खाटा मोजणार?’’ असं चारचौघांत म्हणायचे. पण शेजारीपाजारी कोणी आजारी पडलं की तेच ऐटीत सांगायचे, ‘‘आमचा मुलगा आहे तिथे. बिनघोर जा.’’

डॉक्टरांनी दोघांना तपासलं आणि त्याला बाजूला घेतलं.

‘‘बाबांना गाडीतून दुसरीकडे नेता येईल. धोका आहे, पण नेता येईल. तिला हलवलं तर ती वाटेतच जाईल.’’ मग ते हळूच म्हणाले, ‘‘पण वडील तुझे आहेत. तू म्हणशील तसं. मी बोलणार नाही काही.’’

त्याने मागे वळून पाहिलं. आई त्याच्याकडेच बघत होती.

‘‘तिला वर घ्या,’’ तो म्हणाला.

गाडीत तो बाबांचा हात धरून बसला.

‘‘तुझ्याकडे जागा नव्हती?’’ बाबांनी विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. ‘‘होती, बाबा. एकच होती. दुसरीला दिली.’’

बाबांनी हात सोडवून घेतला नाही. तोंड मात्र खिडकीकडे वळवलं.

तिकडे उपचारांत कसूर झाली नाही, तरी तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले. हलवलं नसतं तर वाचले असते का, ते कोणी सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

आईने त्याला एका शब्दाने बोल लावला नाही. तिने बोलणंच टाकलं. ‘‘जेवायला वाढलंय.’’ ‘‘दार ओढून घे.’’ एवढंच. वाढतानाही ती त्याच्या ताटाकडे बघायची, तोंडाकडे नाही. एकदाचं तिने तोंड सोडावं, असं त्याला वाटायचं.

काही महिन्यांनी जुन्या कॉलेजने त्याला बोलावलं. शेवटच्या वर्षाच्या मुलांना पुढे काय काय करता येईल, ते सांगायचं होतं. बँकवाला बोलला, जाहिरातवाली बोलली, पोरं खूश. याची पाळी येईपर्यंत निम्मं सभागृह जांभया देत होतं. तो कसाबसा चार वाक्यं बोलला. मग पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली.

‘‘सर, या नोकरीत अधिकार असतात का हो? म्हणजे, आपल्या माणसांसाठी काही करता येतं?’’

पोरं हसली. तोही हसायला गेला, पण जमलं नाही.

‘‘अधिकार असतात,’’ तो म्हणाला. ‘‘म्हणूनच जड जातं.’’ आणि खाली बसला.

संध्याकाळी घरी आला तेव्हा आई गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती.

‘‘काय सांगितलंस मुलांना?’’

कितीतरी दिवसांनी तिने आपणहून काही विचारलं होतं.

‘‘काही नाही. बोलताच आलं नाही धड.’’

ती चिमटे काढत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, ‘‘ती बाई रे. वाचली का?’’

‘‘वाचली.’’

‘‘आणि बाळ?’’

‘‘मुलगी आहे. बरी आहे. परवाच लस टोचायला आणली होती. सगळा दवाखाना डोक्यावर घेतला रडून.’’

आईचे हात थांबले. तिने मनगटाने डोळे पुसले. मग दोरीवरची मोठी चादर ओढली आणि एक टोक त्याच्यापुढे केलं.

‘‘धर नीट,’’ ती म्हणाली, ‘‘खाली लोळतेय.’’