डाव्या हाताचा चाकू

“डाव्या हातात धर त्याला, पोरी. कुणी बघत नाय.”

मित्रांनो, हा आवाज गेणूबाबांचा. त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण तो आवाज आठवला की मिटलेलं माझं पातं अजून आतल्या आत हलतं.

मी एक जुना, खिशात मावणारा घडीचा चाकू आहे. भाजी चिरायचा नव्हे आणि भांडणात काढायचा तर मुळीच नव्हे. माझा जन्म गुलाबासाठी झाला. मला शिसवी मूठ आहे, एका टोकाला पातं आणि दुसऱ्या टोकाला छोटीशी पितळी जीभ. पात्याने रानगुलाबाच्या खुंटाला चीर द्यायची, जिभेने साल हलकेच उचलायची, आत चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची गाठ, बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. आमच्याकडचे माळी याला डोळा भरणं म्हणतात. त्यामुळे डोळे भरले की आमच्यात आनंदच असतो.

मी घडलो दूर देशी. माझ्यासोबत माझ्यासारखीच कितीतरी भावंडं घडली. पण मला करताना कारागिराने सगळं उलट केलं. भावंडांच्या पात्याचा उतार उजव्या अंगाला, माझा डाव्या. पातं उघडायला नख अडकवायची खाच असते ना, तीसुद्धा माझी भलत्याच बाजूला. मला वाटायचं, मी चुकूनच असा झालो.

गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यातल्या साहेबांनी मला हौसेने आणलं आणि कपाटात ठेवून दिलं. १९७३ साली त्यांची बदली झाली. जाताना त्यांनी मला आपल्या माळ्याला दिलं. हेच ते मखमलाबादचे गेणूबाबा. बाबांनी मला उजव्या हातात घेतलं, चीर दिली, तर साल टरकन फाटली. दुसरी दिली, तीही फाटली.

“उलट्या डोक्याचा दिसतोय हा,” असं म्हणून त्यांनी मला आपल्या मळ्यातल्या विहिरीच्या कठड्यावर ठेवलं. तिथे मी बरेच दिवस पडून होतो.

त्याच साली त्यांच्या सोमाचं लग्न झालं आणि सुलाबाई सून होऊन घरात आली. ती डावखुरी होती. माहेरी त्या हातावर पळीचे फटके खाल्लेले. सासरी डाव्या हाताने भाकरी वाढली तर आळीतल्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. तेव्हापासून ती सगळं उजव्याने करी आणि सगळं तिच्या हातून सांडे. तिने भरलेले डोळे चार दिवसांत काळे पडत. “हिच्या हाताला गुण नाय,” असं बाया म्हणत.

एके दुपारी विहिरीपाशी कुणी नाही असं पाहून तिने मला उचललं, डाव्या हाताने गुलाबाची एक काडी छाटली आणि चटकन हात पदराखाली घेतला. मागे गेणूबाबा उभे होते. त्यांनी छाट पाहिली, मग मला पाहिलं. तेव्हा ते म्हणाले ते वाक्य मी सुरुवातीलाच तुम्हाला सांगितलं.

पुढे म्हणाले, “देवाला फूल उजव्यानं वाहत जा, म्हणजे बायांची तोंडं गप राहतील. पण ह्ये काम तुझ्या डाव्याचं हाय.”

मित्रांनो, झोपलेल्या लेकराचं पांघरूण सारखं करावं तशी त्या हाताने साल उचलली. तो डोळा जगला. पुढचेही जगले. आणि मला पहिल्यांदा कळलं, मी चुकलेला नव्हतो. मी फक्त दुसऱ्या हाताचा होतो.

मग चांगले दिवस आले. थंडी पडली की लांबलांबून माळी येत आणि “सुलाबाईनंच डोळे भरायचे” म्हणून अडून बसत. खंडेनवमीला ती मला पाटावर ठेवी, तेलाचं बोट लावी आणि पात्याच्या मुळाशी कुंकू. दरवर्षी अगदी त्याच जागी. विहिरीवर फिक्या रंगाचा एक जुना गुलाब होता. त्याचं फूल दिसायला साधं, पण वासाने ओसरी भरून जाई. सोमवारचा उपास ती त्या झाडाचं एक फूल महादेवाला वाहूनच सोडी.

गेणूबाबांनी अंथरूण धरलं तेव्हा त्यांनी तिला जवळ बोलावलं.

“जमीन राहील न राहील, सुले. तो विहिरीवरचा गुलाब खुंटू देऊ नको.”

“नाही खुंटू देणार, मामंजी.”

बाबा गेले. पुढे भाऊबंदांत वाटण्या झाल्या, मळा विकला गेला, आणि सोमा-सुलाबाई गावातल्या दोन खोल्यांत राहायला आले. काम सुटलं. मला वर्षातून एकदा कुंकू मिळे, बाकी मी पत्र्याच्या डब्यात. नखाच्या खाचेत तेल नि कुंकू थराथराने बसत गेलं. आणि १९८४ च्या पावसाळ्यात घर आवरताना सोमाने तो डबा भंगारवाल्याला देऊन टाकला.

त्या खंडेनवमीला काय झालं, ते मला मागाहून कळलं.

“अगं, गंजक्या विळ्या होत्या त्यात,” सोमा म्हणाला.

“आणि तो?”

सुलाबाईने माझ्या जागी नुसत्या पाटावर कुंकवाचं बोट टेकवलं आणि एक फूल ठेवलं.

थंडी आली. मळ्याच्या नव्या मालकाने निरोप धाडला की संक्रांतीनंतर विहीर बुजवून प्लॉट पाडणार. बाबांना दिलेला शब्द पाळायला तेवढेच दिवस होते. सुलाबाईने दुकानातून नवा चाकू आणला. तो उजव्या हाताचा. त्याने तिने विहिरीवरच्या गुलाबाचे डोळे दुसऱ्या खुंटांवर भरले, पण सगळे काळे पडले.

आणि मी कुठे होतो? गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात, एका गोणपाटावर. तिथून मला रंगनाथरावांनी उचललं. ते सातपूरच्या एका कारखान्यात फिटर. त्यांना एकच नाद, जुने खिशातले चाकू जमवायचा. हिरवं कापड लावलेल्या पेटीत ते एकेकाला ओळीने झोपवत. कुणाची स्प्रिंग वेगळी, कुणाची मूठ शिंगाची, हे सारं त्यांना तोंडपाठ. पण माझ्यापाशी ते अडले. त्यांचे मित्र खंडेराव मला उलटसुलट करून हसले.

“रंगनाथा, फसलास तू. कुणातरी धारवाल्याने धार उलटी घासलीये. उद्या कारखान्यात घेऊन ये, चाकावर दोन मिनिटांत सरळ करू.”

“तसंच दिसतंय,” रंगनाथराव म्हणाले.

मित्रांनो, मला बोलता येत नाही याचं दुःख मला तेवढं एकदाच झालं. उतार बदलला असता तर मी पुन्हा कुठल्याच कामाचा उरलो नसतो.

त्या संध्याकाळी ते रॉकेलचा बोळा घेऊन माझ्या पात्यावरचा गंज काढायला बसले. त्यांची बायको लताबाई शेजारी मेथी निवडत होती.

“एवढे चाकू घरात, आणि मी मात्र विळीवरच,” ती म्हणाली. मग तिचं लक्ष बोळ्याकडे गेलं. “थांबा हो. गंज असा लाल सुटतो का? कुंकू आहे ते. तेलात बसलेलं.”

“चाकूला कुंकू?”

“खंडेनवमीचं. कुणीतरी पूजत होतं याला.”

रंगनाथरावांनी आता जपून, काडीला कापूस लावून ते काढलं. खालून नखाची खाच उघडी झाली. त्यांनी मला दिव्याजवळ धरलं.

“लता, ही खाच बघ कुठल्या बाजूला आहे. धारवाला धार उलटी करील. खाच कशी उलटी करील?”

त्यांनी हात बदलून मला उजव्यात धरलं आणि डाव्या अंगठ्याचं नख लावलं. पातं लोण्यातून यावं तसं उघडलं.

“हा बिघडलेला नाही. हा बनवलाच डावखुऱ्यासाठी.”

केवढा मोकळा श्वास सोडला म्हणून सांगू मी! खंडेरावांनी ऐकलं तेव्हा तेही म्हणाले, “मग तर सोन्याहून पिवळं. पेटीत ठेव नि कुलूप लाव.” रंगनाथरावांच्याही मनात तेच होतं. असा वेगळा चाकू त्यांना आजवर मिळाला नव्हता. पण लताबाई हळूच म्हणाली, “कुंकू पुसलंत तुम्ही त्याचं. ज्याने लावलं, त्याला निदान विचारून तरी या.”

हे त्यांना लागलं. माझ्या पितळी जिभेवरून काम ओळखता येत होतं, म्हणून ते फुलबाजारात गेले.

“डाव्या हाताने डोळे भरणारं कुणी आहे का इथे?”

“भाव पडला की आम्ही दोन्ही हातांनी भरतो, भाऊ,” झेंडू विकणारी भागीबाई म्हणाली. मग हसणं आवरून तिने सांगितलं, “मखमलाबादची सुलाबाई. तिचाच चाकू हरवलाय. लय शोधला तिनं.”

दारात मला पाहताच सुलाबाईचा डावा हात आपोआप पुढे आला. अनोळखी माणसासमोर तो तिने लगेच मागे घेतला आणि उजवा केला. रंगनाथरावांनी मला त्या मागे घेतलेल्या हातातच ठेवलं. तिचे डोळे भरले. हे मात्र आमच्या धंद्यातलं भरणं नव्हतं.

“तुम्हाला पायजे असंल तर काम झाल्यावर आणून देते,” ती म्हणाली.

“नको, ताई. पेटीत याची जागा मी रिकामीच ठेवीन. कुणी विचारलं तर सांगेन, तो कामावर गेलाय.”

“मग एक रोप तुमच्या दाराशी लावून जाईन.”

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. एखादी वस्तू हातात नीट बसली नाही, तर तिला लगेच घासायला, सरळ करायला घेऊ नका. आधी तिला दुसऱ्या हातात धरून बघा. आणि डबा भंगारात देताना एकदा उघडून पाहा.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. खंडेनवमी कधीच उलटली होती, तरी सुलाबाईने मला पाटावर ठेवलं आणि पात्याच्या मुळाशी कुंकू लावलं, खाच सोडून. सोमा डोळ्यांवर बांधायच्या केळीच्या सोपट्या भिजवत बसला होता. तिने त्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या, पायांत चपला सरकवल्या आणि मला डाव्या मुठीत धरून, उजाडता उजाडता, ती विहिरीच्या वाटेला लागली.