अकरा दिवसांचा मुऱ्हाळी

हणमंतराव वर्ध्याहून आला तेव्हा वांकिडीत कापूस फुटला होता आणि त्याच्या बहिणीच्या, देवकाबाईच्या नवऱ्याला जाऊन दहा महिने झाले होते. आमच्याकडे रीत अशी, की वर्ष भरायच्या आत भावानं मुऱ्हाळी म्हणून यावं आणि चारचौघांत म्हणावं, "बहिणीले न्याले आलो." तो म्हणाला, तर सासर अडवत नाही. न म्हणाला, तर बाई सासरची, कायमची. मागायचं भावानंच, बाईनं नाही, सासरनंही नाही.

गावानं कान टवकारले. हणमंतरावानं पाय धुतले, गूळपाणी घेतलं, करोडगिरीच्या नाक्यावर शिपायानं ट्रंक कशी उपसली ते रंगवून सांगितलं, मोगलाईतल्या रस्त्यांना नावं ठेवली. मुद्द्याचं सोडून सगळं बोलला.

दुसऱ्या दिवशी स्वारी शेतात हजर. वर्ध्याच्या कचेरीतला कारकून, हाताला ठाऊक फक्त शाई. पण देवकाबाईचा भासरा, म्हणजे थोरला दीर, नागोराव नको-नको म्हणत असताना यानं बैलांना पाणी पाजलं, कडबा तोडला आणि बायकांच्या रांगेत वेचणीला वाकला.

"पावणे, कापूस टाकाले ओटी बांधून देऊ काय?" मजुरीला आलेली बयनाबाई म्हणाली.

बायका पदरात तोंड घालून हसल्या. त्यानं खरंच ओटी बांधली. दिवसभरात पाच शेर कापूस वेचला. त्यात शेरभर पालापाचोळा.

कामातून सुटला की त्याला पाहायला काहीतरी लागे. गावातलं काळ्या दगडाचं जुनं देऊळ त्यानं तीनदा पाहिलं, खांब मोजले. आम्ही जन्मात मोजले नव्हते. मग नागोरावाची दमणी जुंपून डोंगरातली गोंड राजांची पडकी गढी पाहून आला. त्यात दोन दिवस गेले. ढासळलेल्या बुरुजासाठी केवढा हळहळला! म्हणजे हळहळ त्याच्यापाशी होती. खर्च भलतीकडे होत होती.

नवव्या दिवशी देवकाबाईनं वेचणीला त्याच्या शेजारची ओळ, शेजारचं तास धरलं. बयनाबाई मागंच होती, म्हणून आम्हांला कळलं.

"दादा, तुमी कायले आले?"

"तुले भेटाले."

"भेटले. आता?"

"देवका, त्या देवळाच्या खांबावर हत्ती कोरला हाय. एवढा बारीक, का..."

"वयनीनं काय सांगून धाडलं?"

तो वेचतच राहिला. हाताला लागलेलं कच्चं बोंडही त्यानं ओटीत टाकलं.

"घर दोन खोल्यांचं हाय, देवका."

"मले कोपरा पुरते."

तास संपेपर्यंत दोघं वाकलेलेच होते.

अकराव्या दिवशी गाडी जुंपली. नागोराव भला माणूस. न राहवून त्यानं रीत मोडली आणि चारचौघांत विचारलं, "सोयरे, बहिणीले नेता नं? आमची ना नाई."

हणमंतरावानं शेताकडे बोट केलं. "आता कसं नेऊ, नागोराव? अर्धी वेचणी बाकी हाय. म्या सोता पाह्यलं नं. तुमाले हात कमी पडतीन."

अकरा दिवस राबून त्यानं हे एवढं एक कारण कमावलं होतं. आम्ही माना खाली घातल्या. त्याला मात्र वाटलं, आम्हांला पटलं.

देवकाबाई दारात उभी होती. म्हणाली, "दादा, ऊन व्हाच्या आंदी निंगा."

गाडी गेली.

आजवर घरचं दळण दोघी जावांत वाटलेलं होतं. नागोरावाची बायको विमलबाई धाकटीला जपून वागवायची. उद्या माहेरी जाऊन काय सांगेल, नेम नाही. त्या संध्याकाळी तिनं जातं पुसलं आणि आवाज न चढवता म्हणाली, "देवका, उद्यापासून दळण तूच पाह्यत जाय."

"बरं," देवकाबाई म्हणाली. "किती पायल्या?"