खंडेनवमीचा मेन स्विच

खंडेनवमीला केरबा फिटर कारखान्याचा मेन स्विच खाली पाडायचा, त्याला कुंकू लावायचा आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणाला हात लावू द्यायचा नाही. यंत्रांना एक दिवस आराम म्हणजे आराम. सगळं उद्यमनगर त्याच्या हट्टाला हसायचं, पण तोंडावर बोलायची बिशाद कुणाची?

या हट्टानेच घात केला. चौऱ्याहत्तर साली पेट्रोल भडकलं, तेव्हा मालक नृसिंहरावांनी पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी गाडी बांधली. चढाला बॅटरीने जोर द्यायचा, नुसतं पेट्रोल तिथे पुरायचं नाही. दसऱ्याला गाडी विकत घेऊ पाहणाऱ्या मोटारकंपनीचे साहेब बघायला येणार, म्हणून आदल्या दिवशी बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या. केरबाने नेहमीसारखा स्विच पाडला; चार्जर त्याच स्विचवर आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. पन्हाळ्याच्या चढावर गाडी साहेबांसकट थांबली ती थांबलीच, आणि सौदाही मोडला. केरबाने त्याच दिवशी काम सोडलं. मालकांना तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. दोन वर्षांनी मालकच गेले.

मग मालकांच्या पत्नी श्यामलावहिनींनी निरोप धाडला म्हणून तो परत आला. तेव्हापासून दर खंडेनवमीला कारखान्याच्या कोपऱ्यात पडून असलेल्या त्याच गाडीचा चार्जिंगचा काटा चढायचा. बॅटऱ्या कधीच विकल्या होत्या, वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या. तरी काटा चढून भरल्याच्या खुणेवर थांबायचा आणि केरबाला घाम फुटायचा.

यंदाही काटा चढला होता. वहिनी झेंडू ओवता ओवता म्हणाल्या, "केरबा, दसरा झाला की ती गाडी भंगारात द्या."

केरबाने हातातलं फडकं खाली ठेवलं. गाडी गेल्यावर आपली चूक सांगायची कुणाला?

"वैनी, त्या साली स्विच मीच पाडलेला. मालकांचं वाटोळं म्या केलं."

"ठाऊक आहे. ह्यांनी संध्याकाळीच पाहिलं होतं. मी म्हटलं, वर करा. तर म्हणाले, केरबाने कुंकू लावलंय, राहू दे. बॅटरीत आहे तेवढ्यावर चढ निघेल."

"मग मला बोललं का न्हाईत?"

"तुम्ही याल म्हणून थांबले होते. केरबा आला की दुसरी गाडी करू, म्हणायचे. दोन वर्षं रोज दुपारी दोन कप चहा मागवायचे."

केरबाला हुंदका आवरेना. त्याने स्विचवरचं कुंकू पुसलं आणि जन्मात पहिल्यांदा खंडेनवमीला तो वर केला.

"मालक, आलोय की."

भरल्याच्या खुणेवरचा काटा हळूहळू उतरला आणि शून्यावर जाऊन पडला.