बोल्टाला खोबरेल

माझा नि तान्ह्या पारूचा व्हिसा संपायला नऊ दिवस उरले होते. मुदतवाढीच्या अर्जावर सही करायची सोडून कफीलने, म्हणजे यांच्या अरब मालकाने, यांच्या हातात आपल्या वडिलांची जुनी रायफल ठेवली.

"जूनाजी, पहले ये," अबू नासर म्हणाला. 'गुणाजी' त्याच्या जिभेवर कधी बसलंच नाही. "बोल्ट रेत खाता है. मक्खन बनाओ. फिर कागज."

हे टूलरूममध्ये फिटर. अल-खोबरच्या आमच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत रायफल आडवी झाली. तिच्यात गोळी नव्हती, तरी पाळणा मी आत नेला. बोल्ट म्हणजे गोळी आत सारणारा सरकता दांडा; तो ओढला की खर्रर्र, ढकलला की खट्! भिंतीपलीकडे पारू दचकून भोकाड पसरायची.

"अजून किती घासणार?"

"घासायचं कमी, बघायचं जास्त." बोल्टाला निळा रंग पुसटसा लावायचा, आत घालून मागेपुढे करायचा. जिथला रंग उडेल तेवढाच उंचवटा बारीक दगडाने घासायचा. पुन्हा रंग. "आणि पुढचे हे दोन कान दिसतात ना? त्यांना हात नाही लावायचा. गोळीचा सगळा दणका तेच झेलतात."

"म्हणजे माझ्यासारखेच," मी म्हटलं.

आठव्या दिवशी बोल्ट एका बोटाने सरकला. पारू झोपेत हललीसुद्धा नाही. याहून मोठी परीक्षा कुठली!

"कोरडा कसा देऊ पण?" हे म्हणाले. शुक्रवार, टूलरूम बंद, नि अबू नासर तासाभरात येणार. मी पारूच्या मालिशची बाटली आणून दिली. मालवणचं घाण्यावरचं खोबरेल. यांनी सढळ हाताने चोपडलं.

एरवी आम्ही एसी जपून लावायचो. त्या दिवशी कफीलच्या मानाखातर अगदी फुल्ल.

अबू नासर आला, बसला, बोल्ट ओढला. बोल्ट अर्धा इंच कण्हला आणि तिथेच बसला.

"जूनाजी! ये मक्खन? ये तो फ्रिज का मक्खन!"

खिशातून निघालेला अर्ज परत खिशात गेला. पडद्याच्या फटीतून यांचा चेहरा पाहवेना. मी पडद्याआड, मांडीवर उघडी पारू, पाटाशी बाहेरून उचलून आणलेली बाटली. मालिशला म्हणून ती उपडी केली, तर थेंब पडेल तर शपथ. पांढराशुभ्र गोळा!

"अहो!" मी ओरडले. "खोबरेल थिजलंय!"

पारूचं दुपटं गरम पाण्यात पिळून पडद्याखालून सरकवलं. यांनी ते बोल्टाभोवती गुंडाळलं, थोड्या वेळाने काढलं, पुसलं. रायफल जराशी कलती केली तर बोल्ट आपसूक मागे आला.

अबू नासरने तो दहा वेळा मागेपुढे केला. डोळे मिटून. मग बोटं हुंगली.

"ये किसका काम?"

"मॅडम का."

"तो मॅडम को गाँव क्यों भेजेगा? सर्दी में शिकार पे बंदूक जम गया तो गरम कौन करेगा?" त्याने अर्ज मांडीवर पसरला, पेनाचं टोपण काढलं.

आणि आमचे हे, प्रामाणिकपणाचे पुतळे, म्हणाले, "नहीं साब, कल असली तेल डालेगा, फिर कभी जमेगा नहीं, गरम करने को कोई—"

मी पडद्याआडून खोकले. एवढ्या जोरात, की आठ दिवस बोल्टाने केलं ते त्या दिवशी मी केलं. पारू दचकून रडायला लागली. तिच्या त्या भोकाडात यांचं पुढचं वाक्य बुडालं, आणि तोवर सही झाली होती.