भुऱ्याची आकडी

दुपारी ओसरीवर आमचा कुत्रा भुऱ्या एकदम आडवा पडला. पाय झाडू लागला, तोंडाला फेस आला, खाली ओलं झालं. माझी गोदू त्याच्या शेजारीच रांगत होती. मी झडप घालून तिला उचललं.

"पिसाळला!" मामंजी काठी घेऊन पुढे झाले. स्वातंत्र्याच्या साली कल्याण कँपमधून त्यांनीच आणलेलं पिल्लू, आता म्हातारं झालेलं. "घरात पोर आहे. संपवायलाच हवा."

सासूबाईंनी पायातली वहाण काढली. "थांबा, आधी ही हुंगवून बघू, शुद्धीवर येतो का."

हे अंबरनाथला कारखान्यात गेलेले. घरात अडवणारं दुसरं कोणी नव्हतं. आणि तो पिसाळला नाही, हे मला कळलं होतं. माझ्या भावाला, हिरामणला, असंच येतं. लग्न ठरताना आम्ही ते लपवलं. आता बोलले, तर उद्या गोदूकडेही त्याच नजरेनं बघतील. म्हणून गप्प राहिले. बी.ए. झालेली मी, एका मुक्या जिवाला मरू द्यायला तयार झाले होते.

काठी वर गेली.

"मामंजी, नका! फेफरं आहे ते, आपोआप थांबेल. आई, तोंडाजवळ हात नेऊ नका. शुद्ध नाही त्याला, चावेल."

गोदूला सासूबाईंकडे देऊन मी पाट, तांब्या दूर सारले, डोकं आपटू नये म्हणून गोणपाट सरकवलं. दाबून धरलं नाही. हळूहळू पाय थांबले. भुऱ्या उठला, भिंतीवर धडकला, मामंजींनाही ओळखेना.

"हाका मारू नका, भांबावलाय. येईल भानावर."

बऱ्याच वेळानं तो ताटलीतलं पाणी लपालपा प्यायला. पिसाळलेलं कुत्रं असं पीत नाही, हे मामंजींना ठाऊक होतं. त्यांनी काठी खाली टाकली. "मारलाच असता की गं मी."

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. "कॉलेजात कुत्र्यांचंही शिकवतात वाटतं?"

"नाही. हिरामणला येते आकडी. लहानपणापासून."

त्यांनी गोदूची मूठ उघडून बघितली, पापणी ओढून बघितली. मला मान वर करवेना.

"म्हणजे त्याला नोकरी आहे, रजा मिळत नाही, ते सगळं खोटं...?"

"घरीच असतो तो."

"आणि परवा जावळाला पोर चुलतभावाच्या मांडीवर बसवलीस? सख्खा मामा असून?"

"येतो म्हणत होता. मीच नको म्हटलं."

मी हात पुढे केले, पण त्यांनी गोदूला दिलं नाही.

"कुत्र्यासाठी तरी तोंड उघडलंस," म्हणाल्या, आणि तिला घेऊन आत गेल्या.