तिसऱ्या गिअरचा दात

माझ्या दुकानात गिअरबॉक्सबद्दल माझ्याआधी कोणी तोंड उघडायचं नाही. हा नियम मी कुठे लिहून लावलेला नाही, तशी वेळच कधी आली नाही. चाळीस वर्षं लोक आपल्या जुन्या, वडिलांच्या, आजोबांच्या मोटरसायकली माझ्याकडे आणतायत. मी गाडी स्टँडवर चढवतो, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि एकेक गिअर टाकून ऐकतो. मग शेजारी फरशीवर खडूने लिहितो, आत काय बिघडलंय ते. त्यानंतरच पाना लागतो. गेल्या दोन वर्षांत तर माझं एक अक्षर खोटं ठरलं नव्हतं. लोक मला उस्ताद म्हणतात ते उगाच नाही.

उघडायचं काम माझ्या मुलीचं. हात माझ्यासारखे, तोंड मात्र आईवर गेलंय, म्हणजे नसल्यातच जमा. मी लिहायचं, तिने उघडायचं, रॉकेलच्या ट्रेमध्ये धुऊन मोडका भाग माझ्या हातावर ठेवायचा. नऊ वर्षं हे असंच चाललेलं.

त्यात चार महिन्यांपूर्वी तिने लग्न केलं आणि नवऱ्याला दुकानात आणलं. हा आधी सूतगिरणीत मशिनी सांभाळायचा. गिरणी बंद पडली तसा माझ्या गळ्यात पडला. माणूस वाईट नव्हता, हे आज म्हणतो. तेव्हा मला तो डोळ्यांसमोर नको व्हायचा. काहीही सांगा, आधी विचार करायचा आणि मग 'हो' म्हणायचा. अरे, विचार कसला करतोस, मी सांगतोय ना! मी त्याला जावईबापू म्हणायचो आणि फरशी पुसायला लावायचो.

त्या दिवशी सकाळी मास्तर आले. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, माझं पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक. वडिलांची साठ वर्षांची मोटरसायकल पोटच्या पोरासारखी जपलेली.

"उस्ताद, गिअरबॉक्स आवाज करतोय. जरा बघा," ते म्हणाले आणि बाकावर बसले. बाकावर आमचा वेल्डर आणि रंगारी चहा पीत होते, ते सरकले.

मी ऐकलं. पहिला, दुसरा ठीक. तिसऱ्यात टकटक, टकटक. चौथ्यात जवळजवळ नाही. मी वाकून फरशीवर लिहिलं: तिसरा गिअर, दात तुटला.

"बाबा," जावई म्हणाला, "मला वाटतं दात नसावा."

रंगाऱ्याचा कप तोंडापाशीच थांबला. मुलगी माझ्या मागे उभी होती. तिने नवऱ्याला डोळ्यांनी खूण केली असणार, कारण तो एकदा तिकडे बघून परत माझ्याकडे वळला.

"ती टकटक चेनची आहे, चेन सैल आहे," तो हळू बोलला. "खरा आवाज वेगळाय. बारीक, शिट्टीसारखा. पहिल्या तिन्ही गिअरमध्ये येतो आणि चौथ्यात जातो. चौथ्यात खालच्या शाफ्टवर भार नसतो ना. म्हणजे त्या शाफ्टची बेअरिंग गेलीय. फुटली तर चालत्या गाडीचं मागचं चाक जाम होईल."

कसली शिट्टी? मला तर शिट्टीबिट्टी काही ऐकू आली नव्हती. माझ्या अंगाचा भडका उडाला.

"वा!" मी म्हणालो. "ऐकलंत का मास्तर? आमच्या जावईबापूंना शिट्ट्या ऐकू येतात."

सगळे हसले. मी त्याला गाडीपाशी गुडघ्यावर बसवलं, स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात दिला आणि त्याची मान धरून कान मुठीवर दाबला. जरा जोरातच दाबला. "ऐक. ऐकू येतेय शिट्टी?"

"येतेय, बाबा."

"गिरणीत पंधरा वर्षं त्या यंत्रांच्या कलकलाटात काढलीस. बहिरा झालायस तू. बहिऱ्या माणसाच्या कानात नाही नाही ते वाजतं. बहिरा माणूस माझ्या काय कामाचा? माझ्या मुलीला तरी काय कामाचा?"

त्याच्या कानाची पाळी लाल झाली होती. तो उठला नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, जाऊ द्या ना. मी उघडते सावकाश संध्याकाळी."

"संध्याकाळी नाही. आत्ता, सगळ्यांसमोर. दात तुटलेला निघाला की जावईबापूंनी हात धुवायचे आणि निघायचं, परत या दारात पाऊल टाकायचं नाही. बेअरिंग निघाली तर मी आजपासून कोणाची गाडी ऐकणार नाही. कबूल?"

तो नेहमीसारखा विचार करत बसला. मग म्हणाला, "कबूल."

तो हो म्हणाला याचा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. चार महिने मी त्याला घालवायला निमित्त शोधत होतो आणि ते त्याने स्वतःच हातात आणून दिलं होतं.

मुलीने तेल काढलं, झाकण उतरवलं. नेहमी हात झरझर चालतात तिचे, त्या दिवशी नट हातातून दोनदा पडला. गिअर काढून ट्रेमध्ये ठेवले आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ धूत राहिली. मी ओरडलो, "अंघोळ घालतेस का त्यांना?" मग ती वळली आणि तिने एक गिअर माझ्या हातावर ठेवला. एक दात मुळापासून उडालेला.

मी तो आधी मास्तरांना दाखवला, मग वेल्डरला, मग रंगाऱ्याला. शेवटी जावयाच्या नाकासमोर धरला. "शिट्टी वाजवतोय का हा?"

त्याने गिअरकडे बघितलंच नाही. बायकोकडे बघितलं. ती खाली बघत होती. मग तो नळावर गेला, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, आपला डबा उचलला आणि गेला. जाताना मला नमस्कार केला. मी मुद्दाम म्हणालो, "मास्तर, अजून एक चहा सांगू का?"

एरवी नवा भाग मुलगीच आणते, त्या दिवशी ऐटीत मीच नवा गिअर शोधायला आतल्या खोलीत गेलो. फळीवरून तिसरा गिअर काढला, तुटक्याशी ताडून बघितला. जुळेना. मोजलं. नव्याला बावीस दात. तुटक्याला, तुटलेला धरून, चोवीस. मोडलेली कड काळी पडलेली, गंजलेली. तो या गाडीचा नव्हताच. भंगारातला होता.

मुलगी दारात उभी होती. मला तिचं येणं कळलं नव्हतं.

"हा कुठून आणलास?" मी विचारलं.

"ॲप्रनच्या खिशात होता," ती म्हणाली. "तुम्ही लिहिता ते मी भंगारातून काढून ठेवते. दोन वर्षं झाली. तुम्हाला ते दाखवते आणि खरं बिघडलेलं नंतर बदलते."

"खोटं बोलतेस तू. नवऱ्यासाठी."

तिने खिशातून दोन बेअरिंगी काढल्या. एक माझ्या कानाशी धरून बोटाने फिरवली. मग दुसरी. "यातली नवी कोणती?"

मी पहिल्यांदा 'पहिली' म्हणालो. तिचा चेहरा बघून 'दुसरी' म्हणालो.

"पहिली मास्तरांच्या गाडीतून आत्ता काढलीय," ती म्हणाली. "खडखडा वाजतेय, बाबा. रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू येईल."

मी तिच्या हातातून ती हिसकावली आणि स्वतः फिरवली. बोटांना खरखर लागली, वाळू अडकल्यासारखी. कानाला काही नाही. दुसऱ्या कानाला लावली, तिथेही काही नाही. मी टायरच्या ढिगावर बसलो.

"मग मघाशी खरं का नाही दाखवलंस?" मी म्हणालो. "त्याच्या पोटावर पाय आला."

"मला वाटलं, त्याला तुम्ही चार दिवसांनी परत बोलवाल. पण तुमचा कान गेला हे चारचौघांत कळलं असतं तर तुम्ही उभे राहिला नसतात." तिने डोळे पुसले. "घरी काय तोंड दाखवू त्याला? त्याने सगळं ओळखलंय. बाबा, तुमच्या पाया पडते. बाहेर जा आणि एवढंच म्हणा, की बेअरिंग होती. मी त्याला घेऊन येते. अजून कोपऱ्यापर्यंतच गेला असेल."

मी उठलो. खरंच सांगतो, उठलो तेव्हा माझ्या मनात तेच होतं. बेअरिंग मुठीत घेऊन बाहेर आलो. तिघं बाकावर तसेच बसले होते. मुलगी माझ्या मागे दारात थांबली.

मास्तरांनी विचारलं, "काय उस्ताद, मग दातच ना?"

एवढं सोपं होतं. एक शब्द बोलायचा होता. मी मूठ खिशात घातली.

"दातच," मी म्हणालो. "माझा कान कधी चुकलाय?"

"छे छे," मास्तर म्हणाले. "तुमचा कान म्हणजे काय!" वेल्डर म्हणाला, "प्रश्नच नाही." रंगारी मान हलवत राहिला. तिघांपैकी एकही माझ्याकडे बघत नव्हता. मास्तर माझ्या खांद्यावरून मागे, माझ्या मुलीकडे बघत होते आणि डोळ्यांनीच तिला विचारत होते, गाडी नीट होईल ना म्हणून. तेव्हा मला कळलं, यांना सगळ्यांना माहीत आहे. दोन वर्षं माहीत आहे. गाड्या येत होत्या त्या तिच्याकडे, आणि मी आपला जत्रेतल्या माकडासारखा त्यांच्यापुढे खेळ करत होतो.

मी मागे वळलो. दारात कोणी नव्हतं. तिचा ॲप्रन खिळ्याला लटकत होता आणि ती मागच्या दाराने निघून गेली होती. त्या लोखंडी दाराचा केवढा करकर आवाज येतो, असं सगळे म्हणतात. मला काही ऐकू आलं नाही.